मसऊदाचे कान

थामीला ऐकू येत नाही, ही गोष्ट फेझच्या जुन्या शहरात फक्त दोघांना ठाऊक होती. एक थामी स्वतः आणि दुसरी त्याची मसऊदा. मसऊदा पडली खेचर, ती कुणाला सांगणार नव्हती. आणि थामी तर जीभ झडली असती तरी बोलला नसता.

त्याला कारणही तसंच होतं. आमच्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन पोटवाले शेठ समोरासमोर आले तर एकाला श्वास रोखून धरावा लागतो. गाडी नाही, टेम्पो नाही. पिठाच्या पोत्यापासून नवरीच्या कपाटापर्यंत सगळं खेचराच्या पाठीवरून जातं आणि खेचरवाला ओरडत असतो, "बालाक! बालाक!" म्हणजे सांभाळा, सरका. ते कानावर पडलं की लोक मागे न बघता भिंतीला चिकटतात, बोलणं चालू ठेवतात आणि खेचर गेलं की पुन्हा चालू लागतात. वळणावर दोन खेचरवाले आले तर ज्याची हाक आधी त्याची वाट. दुसऱ्याने मुकाट्याने जनावर मागे घेऊन कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला द्यायच्या शिव्या मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतात. अशा गावात बहिरा खेचरवाला म्हणजे गल्लीत सोडलेला दगड.

थामीचं ऐकणं एकदम गेलं नाही. आधी चिमण्या गेल्या. मग पलीकडच्या टेकडीवरच्या मशिदीची बांग गेली. मग बायकोचं, रकियाचं, बोलणं विरत गेलं, तेव्हा काही दिवस त्याला ही अल्लाची मेहेरबानीच वाटली. रकियाचं प्रत्येक वाक्य "अहो, ऐकलंत का?" ने सुरू व्हायचं आणि थामीला आता खरं उत्तर द्यायचं झालं तर "नाही" असंच द्यावं लागलं असतं. पण एके दिवशी गॅसच्या टाक्या घेऊन चढताना त्याला समोरची हाक ऐकू आलीच नाही. ओल्या कातड्यांचं ओझं घेतलेलं दुसरं खेचर वळणावर मसऊदाच्या छातीवर आलं, मधल्या मधे एका म्हातारीची अंडी फुटली. थामीने अंड्यांचे पैसे दिले, हसून "डुलकी लागली होती" म्हणाला, आणि घरी येऊन तबेल्यात मसऊदाच्या मानेवर कपाळ टेकून उभा राहिला.

भीती होती ती अमीनची. मक्की, ज्याला सगळे मानाने सी मक्की म्हणत, हा खेचरवाल्यांचा अमीन, म्हणजे मुखिया. माणूस न्यायी, पण न्यायापुढे बापालाही न ओळखणारा. मागे एका खेचरवाल्याची नजर गेली तेव्हा मक्कीने भर गल्लीत त्याच्या हातातला दोर काढून घेतला होता. तो बिचारा आता हमामच्या दारात लोकांच्या चपला राखत बसतो. थामी रोज त्याच्या समोरून जाई आणि दुसरीकडे बघे. थामीचा बाप खेचरवाला, आजा खेचरवाला. दोर गेला तर थामी म्हणजे काय राहिलं असतं, हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

अंडी फुटल्यानंतर त्याने मसऊदाच्या कानांचा अभ्यास सुरू केला. समोरून हाक आली की तिचे कान पुढे ताठ होत. मागून आली की मागे वळत. बाजूच्या बोळातून कुणी आलं तर एकच कान तिकडे जाई. थामी त्या दोन कानांवर डोळे लावून चालायचा, कान हलला की गळा फाटेस्तोवर "बालाक!" ओरडायचा. महिना गेला, दोन महिने गेले, कुणाला पत्ता लागला नाही. उलट लोक म्हणायला लागले, थामी हल्ली फार सावध झालाय.

घरात मात्र मसऊदा नव्हती. तिथे त्याने दुसरा उपाय काढला. आमच्या गावात बोलणं म्हणजे निम्मं दुवा देणंच असतं. कुणी जेवताना दिसला तर एक दुवा, नवा झगा घातला तर दुसरी, न्हाऊन आला तर तिसरी, कुणी मेलं तर चौथी. थामीने समोरच्याचं तोंड बघायचं आणि दुवा ठोकून द्यायची. हसरं तोंड असलं तर "अल्ला बरकत देवो." पडलेलं असलं तर "अल्ला सबुरी देवो." आणि काहीच कळलं नाही तर त्याचा हुकमी एक्का, "अल्ला वाट सोपी करो." प्रवासाला निघालेल्याला ती चालते, परीक्षेला बसलेल्याला चालते, दुकान टाकणाऱ्याला चालते, गुडघे दुखणाऱ्यालाही चालते. हा एक्का कुठे चालत नाही, याचा विचार थामीने केला नव्हता.

आणि अशात बतूलचा फोन आला, की ती शनिवार-रविवार येतेय.

बतूल त्यांची एकुलती एक. लग्न होऊन टँजियरला गेलेली, मोटारींच्या वायरी जोडायच्या कारखान्यात कामाला. तिचा नवरा अन्वर बंदरावर क्रेन चालवायचा. पोरगी येणार म्हणून रकिया आनंदाने भिंती धुवायला लागली आणि थामी आपल्या दुवा घोकायला लागला. बतूलला लहानपणापासून बापाची नस ठाऊक. तिला कळलं की ती रकियाला सांगणार, रकिया शेजारणीला सांगणार, आणि शेजारीण म्हणजे मक्कीची सख्खी मेहुणी. दोन दिवस. दोन दिवस कसेतरी निभावले की झालं, असं तो स्वतःला सांगत राहिला.

शनिवारी सकाळी तो मसऊदाला घेऊन बूजलूदच्या वेशीच्या दरवाजाशी उभा राहिला. टॅक्सीतून बतूल उतरली, एकटीच. तिने बापाच्या डोक्याचं चुंबन घेतलं, हाताचं घेतलं, काहीतरी बोलली. थामी म्हणाला, "अल्ला बरकत देवो!" आणि घाईघाईने तिची बॅग मसऊदाच्या पाठीवर चढवायला वळला. बॅग उचलताच त्याच्या कमरेत कळ आली. दोन दिवसांच्या कपड्यांना वजन किती असतं, हे ज्याने जन्मभर लोकांची ओझी उचलली त्याला सांगायला नको. पण त्या क्षणी थामीचं सगळं लक्ष पोरीच्या ओठांकडे होतं. वजनाचा विचार आला आणि गेला.

जेवायला रकियाने लोणच्यातलं लिंबू आणि ऑलिव्ह घालून कोंबडी केली होती. तिघं एका थाळ्याभोवती बसली. रकियाने थामीच्या पुढ्यात मांसाचा तुकडा सरकवला आणि लेकीला विचारलं,

"अन्वर का नाही गं आला? सासूच्या हातची कोंबडी कडू लागते का त्याला?"

"त्याची पाळी होती," बतूल थाळ्याकडे बघत म्हणाली.

"शनिवारची?"

"आई, जेव ना गं."

थामीला यातलं रकियाच्या ओठांवरचं 'अन्वर' तेवढं कळलं, पुढे दोघींची तोंडं खाली होती. शांतता पडलेली मात्र दिसली. शांतता म्हणजे आता आपली पाळी, असं त्याला वाटलं. तो मोठ्याने म्हणाला, "अल्ला त्यालाही बरकत देवो!"

रकियाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हातातला घास परत थाळ्यात ठेवला. आपण काहीतरी चुकलो, एवढं त्याला कळलं. काय चुकलो, ते कळायची सोय नव्हती. तो पाव मोडत बसला, न खाता.

दुपारच्या नमाजानंतर बतूल म्हणाली, "बा, चल ना जरा बाजारात. लहानपणी न्यायचास तसा." हे मात्र तिने त्याच्या तोंडासमोर येऊन, त्याची बाही ओढत म्हटलं होतं, म्हणून कळलं. नाही म्हणावं तर कारण काय सांगायचं?

आणि मसऊदाशिवाय बाजारात जाणं म्हणजे काय, हे त्याला गल्लीत शिरल्यावर कळलं. पुढे बघावं तर मागची धास्ती, मागे बघावं तर लोक विचारणार. तो भिंतीला खेटून चालला. समोरून येणाऱ्या माणसांची तोंडं वाचत, ती बाजूला सरकली की आपणही सरकत. एकदा सगळे सरकले आणि हा एक क्षण उशिरा सरकला, तर सिमेंटच्या पोत्याची कड त्याच्या खांद्याला घासून गेली. खेचरवाला पोरगेला होता. मागे वळून काहीतरी बोलला, बहुतेक "बा थामी, घरी झोपून या!" असंच. थामीने हात उंचावून हसून दाखवलं.

तांबटांच्या चौकात आल्यावर मात्र त्याचा जीव भांड्यात पडला. तिथे दिवसभर हातोड्यांचा असा गजर चालतो की धडधाकट कानाची माणसंही खाणाखुणांनी सौदे करतात. त्या चौकात सगळेच बहिरे. थामीने लेकीला चहाची छोटी किटली घेऊन दिली, घासाघीस बोटांनी केली आणि दोन घटका तो जुना थामी झाला. बतूलही हसली. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

पण चौकापुढे रंगाऱ्यांचा बोळ लागतो. तिथे एकामागे एकच माणूस चालतं. थामी पुढे, बतूल मागे. बतूलने हीच जागा निवडली, आणि मला विचाराल तर बरोबर निवडली. काही गोष्टी बापाच्या तोंडावर बोलता येत नाहीत, पाठीशी बोलता येतात. तिने त्याच्या झग्याला मागे जोडलेली टोपी मुठीत धरली, लहानपणी गर्दीत धरायची तशी, आणि बोलू लागली. ती बरंच बोलली. बोळ संपेपर्यंत बोलली. थामीला पाठीवर फक्त तिची मूठ जाणवत होती, घट्ट होणारी, सैल होणारी.

बोळ संपला. त्याने वळून बघितलं. बतूलचे ओठ नुकतेच मिटले होते आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. ती काहीतरी विचारून उत्तराची वाट बघत होती, हे शेंबडं पोरही ओळखतं. हसरं तोंड नव्हतं. रडकंही नव्हतं. कुठली दुवा द्यायची? त्याने एक्का टाकला. तोंडभर हसून म्हणाला,

"अल्ला वाट सोपी करो, बेटी."

बतूलचा चेहरा हळूहळू बंद झाला, दुकानाची फळी लावावी तसा. तिने त्याच्या टोपीची मूठ सोडली. घरी येईपर्यंत ती पुढे चालत होती.

त्या संध्याकाळी थामीला घर खायला उठलं. काय विचारलं असेल पोरीने? पैसे? ते तिने कधी मागितले नाहीत. आजारपण? मूल? त्याने रकियाला गाठलं. ती पीठ मळत होती.

"पोरगी काही बोलली का तुला?"

रकियाने मान वर केली, म्हणून ओठ दिसले. "मला कशाला बोलेल? बापाची लाडकी ना ती. तुम्हालाच सांगितलं असेल सगळं. आल्यापासून तोंड शिवून बसलीय. काय बोललात तिला तुम्ही?"

"मी काय बोलणार? दुवा दिली."

"दुवा दिली म्हणे!" रकिया पुन्हा पिठाकडे वळली आणि पुढचं त्याला कळलं नाही. पाठीवरून एवढं समजलं की ती कुणालातरी शिव्या देतेय, आणि तो कुणीतरी बहुधा आपणच.

सरळ लेकीकडे जाऊन "पुन्हा सांग" म्हणावं, असं दहादा त्याच्या मनात आलं. पण पुन्हा सांग म्हटलं की का, म्हणून विचारणार. आणि का ते सांगितलं की दोर गेला. तो उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला. शेवटी तबेल्यात जाऊन मसऊदाचे कान कुरवाळत राहिला. एकीकडे लेक, एकीकडे खेचर, आणि मधे हा भित्रा म्हातारा. त्याला स्वतःची लाज वाटली, पण लाजेने पाय हलले नाहीत.

रविवारी सकाळी बतूलने बॅग भरून दारात ठेवली. संध्याकाळच्या गाडीने जाणार होती, ती सकाळच्याच गाडीने निघाली. रकिया बाहीने डोळे पुसत गरम पाव फडक्यात बांधत होती. थामीने बॅग मसऊदावर चढवली, पट्टा आवळला, आणि या खेपेला वजनाने त्याला सोडलं नाही. चढण लागली तशी मसऊदा फुसफुसायला लागली, मागचे पाय फाकवून टाकायला लागली. अशी ती एकदाच चालली होती, बतूलच्या लग्नाची पेटी घेऊन गेली तेव्हा. तेव्हा मसऊदा तरणी होती. पोरीने सगळा संसार उचलून आणलाय, असं थामीच्या मनात आलं. मग परत का नेतेय?

तलआ या चढाच्या मुख्य गल्लीत, छोट्या मशिदीच्या पायरीवर एक भिकारीण बसलेली असते. तिने सवयीने हात पुढे केला. थामीनेही सवयीने, तिच्याकडे अर्धंच बघत, छातीवर हात ठेवून म्हटलं, "अल्ला वाट सोपी करो."

बाईने हात मागे घेतला. तिचा चेहरा बंद झाला.

थामी जागच्या जागी थांबला. हा चेहरा त्याने काल बघितला होता. आमच्याकडे दारात आलेल्याला नुसतं हाकलत नाहीत, पाप लागतं. त्याला दुवा देतात, "अल्ला वाट सोपी करो", आणि दार लावून घेतात. त्याचा अर्थ एवढाच, की इथे काही मिळायचं नाही, तुझी वाट धर. गावातलं कुत्रंही त्या दुवेनंतर थांबत नाही. आणि तो काल पोटच्या पोरीला तोंडभर हसून तेच म्हणाला होता.

मसऊदा थांबली तशी मागची रांग थांबली. मागून कातड्यांचं खेचर, त्याच्यामागे साबणवाला, त्याच्यामागे कोण कोण. मसऊदाचे दोन्ही कान मागे वळून थरथरत होते, म्हणजे मागे शिव्यांचा पाऊस चालू होता. थामीने तिकडे लक्ष दिलं नाही. तो मागे गेला, बतूलचे दोन्ही खांदे धरले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाला,

"बतूल, मला ऐकू येत नाही गं. कालचं तुझं काहीच ऐकलं नाही मी. पुन्हा सांग."

त्याला वाटलं हळू म्हणाला. ज्याला ऐकू येत नाही त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. जन्मभर "बालाक" ओरडलेला गळा तो. मशिदीच्या पायरीपासून वरच्या कोपऱ्यापर्यंत सगळ्या माना वळल्या. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. आणि कॉफीच्या दुकानातून, हातात पेला तसाच, सी मक्की बाहेर आला.

थामीने त्याला बघितलं. पण त्याने लेकीचे खांदे सोडले नाहीत.

"सांग," तो म्हणाला.

बतूलने आजूबाजूला बघितलं. काल जे तिने पाठीमागून कुजबुजत सांगितलं होतं, ते आता ओरडून सांगायला हवं होतं, एवढ्या लोकांत, जिथे तिला लहानपणापासून ओळखणारे उभे होते. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या तांबटाने खाली मान घातली आणि जोरजोरात हातोडा चालवायला सुरुवात केली. कामाला काही अर्थ नव्हता, रिकामाच तांब्या ठोकत होता. अल्ला त्याचं भलं करो. बतूलने बापाच्या कानाला तोंड लावलं.

"बा! मी अन्वरला सोडून आलेय! तो हात उचलतो! मला घरात घेशील का?"

थामीला सगळे शब्द कळले नाहीत. अन्वर कळलं, हात कळलं, घर कळलं. उरलेलं तिच्या डोळ्यांत होतं. त्याच्या तोंडाशी कुठलीच दुवा आली नाही. तो रडत, ओरडत म्हणाला,

"अगं, बापाचं घर आहे! विचारतेस कसली? चल, फिर मागे!"

मक्की पुढे आला. पेला त्याने न्हाव्याच्या फळीवर ठेवला. थामीच्या समोर उभं राहून, ओठ सावकाश हलवत, त्याने विचारलं, "कधीपासून?"

"रमजानच्या आधीपासून."

"म्हणजे ती अंडी..."

थामीने मान खाली घातली. मक्कीने हात पुढे केला. थामीने दोराकडे बघितलं, मसऊदाकडे बघितलं, आणि दोर दिला. भांडला नाही. मक्की कठोर असेल, पण चूक नव्हता, हे थामीलाही कळत होतं. त्याचा हात मात्र रिकामा झाल्यावरही दोर धरल्यासारखाच मिटलेला राहिला.

"आता या जनावराला मागे फिरवणार कोण?" मक्की रांगेकडे बघत म्हणाला. "अख्खी तलआ तुंबलीय."

"द्या इकडे," बतूल म्हणाली.

"बाईमाणूस खेचर हाकणार?"

"घरापर्यंत तरी, सी मक्की. रस्ता बा बघेल, ओरडेन मी."

मक्कीने जरा वेळ दाढी खाजवली. "घरापर्यंत," तो म्हणाला. "उद्याचं उद्या बघू." आणि दोर तिच्या हातात दिला.

कातड्यांचं खेचर एका दारात घुसलं, साबणवाला दुसऱ्या दारात, आणि मसऊदा मोठ्या खटाटोपाने उलटी फिरली. थामी पुढे झाला, रिकाम्या हाताने. उताराला लागल्यावर त्याने वळून मागे बघितलं. बतूलने श्वास घेतला, तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या.

थामीला काहीच ऐकू आलं नाही. मसऊदाचे दोन्ही कान एकदम मागे वळले, आणि खाली वळणापर्यंत सगळी माणसं भिंतीला चिकटली.